विचारा की ओ! : कंपनीचं सॉफ्टवेअर, लोकांचं सॉफ्टवेअर

या वेळच्या पत्रांत व्हायरस, प्रिंटर आणि 'मोबाइल गरम होतो' हे नेहमीचे विषय मागं पडले. बहुतेकांनी पैशाचं विचारलंय, आणि पैशाआडून एका जुन्या भांडणाचं. सॉफ्टवेअर बंद डब्यात विकणाऱ्या कंपन्या एका बाजूला, कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर, सगळ्यांपुढं उघडा ठेवणारी ओपन सोर्सवाली मंडळी दुसऱ्या बाजूला. म्हणून ही पानं त्यालाच दिली. मोबाइलवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत फोन सावलीत ठेवावा.

प्रश्न : मॅडम, आमचं चाटी गल्लीत कापडाचं दुकान आहे. बिलाचं सॉफ्टवेअर वडिलांनी एकदाच पैसे मोजून घेतलं होतं. मध्यंतरी कंपनीचा माणूस येऊन 'अपग्रेड' करून गेला, तेव्हापासून दर वर्षी पैसे भरायचे झाले. यंदा दिवाळीच्या गर्दीत भरायचे राहिले, तर नवं बिल सोडाच, मागची उधारी बघायलाही कुलूप! माझीच खातेवही मला दाखवायला हे पैसे कसे मागतात? ओपन सोर्सवर गेलो तर सुटका होईल का?
— कापड व्यापारी, चाटी गल्ली

उत्तर : कायद्याचं तुमच्या वकिलांना विचारा. पण अपग्रेडच्या वेळी 'आय ॲग्री'वर टिचकी कुणी मारली, हे ते सगळ्यात आधी विचारतील. कंपनीच्या माणसानंच मारली असणार, तुमच्या गल्ल्यावर उभं राहून, तुम्ही गिऱ्हाइकाला परकर दाखवत असताना. माझ्या मेंटेनन्सच्या गिऱ्हाइकांत असं किती जणांचं झालंय.

तुमच्या वडिलांनी सॉफ्टवेअर विकत घेतलं असं आपण म्हणतो, पण त्यांनी घेतला तो वापरायचा परवाना. परवान्याच्या अटी त्या कागदावर असतात, आणि तो कागद नव्या आवृत्तीबरोबर बदलतो. उधारी तुमची, गिऱ्हाईक तुमचं, आकडे तुमचे. पण ते ज्या फाइलीत बसलेत ती फाइल फक्त त्या एकाच प्रोग्रॅमला वाचता येते. तुमचा राग वर्षाच्या फीवर आहे. माझा राग त्या फाइलीवर आहे. फी काय, दुकानाचं भाडंही वाढतंच.

आता करायचं काय? या वर्षाचे पैसे गुमान भरा. कुलूप उघडलं की त्याच दिवशी दुकान बंद झाल्यावर बसा आणि पार्टीवार खाती, स्टॉक, खरेदी, विक्री, सगळं एक्सेलमध्ये आणि पीडीएफमध्ये बाहेर काढा. 'एक्स्पोर्ट' नावाचं बटन बहुधा असतं, फक्त कुणी दाखवत नाही. दोन पेनड्राइव्हवर ठेवा, एक दुकानात, एक घरी. जीएसटी कायद्यात वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपायला सांगितलेत, आणि अधिकारी आला तर 'कंपनीनं कुलूप लावलं' हे उत्तर चालायचं नाही.

ओपन सोर्सचं म्हणाल तर ईआरपीनेक्स्ट नावाचं सॉफ्टवेअर आहे. मुंबईच्या फ्रापे कंपनीनं बनवलेलं, कोड सगळा उघडा, परवाना जीपीएल (तो काय ते पुढच्या उत्तरात). उद्या त्या कंपनीनं काहीही ठरवलं तरी तुमच्याकडं असलेली आवृत्ती कुणी बंद करू शकत नाही. पण ते बसवायला आणि सांभाळायला माणूस लागतो, आणि तो फुकट येत नाही. दुसरं म्हणजे तुमचे सीए टॅलीवर काम करत असतील तर त्यांना तुमचा डेटा टॅलीतच हवा असणार. आधी त्यांच्याशी बोला. आणि काहीही बदलायचं तर १ एप्रिलपासून, नव्या वहीला. सीझनमध्ये सॉफ्टवेअर बदलणाऱ्याच्या दुकानात मी पाऊल ठेवत नाही.

प्रश्न : ताई, मागच्या अंकात तुम्ही एमएस ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस वापरा म्हणालात. वापरतोय, बरं आहे. पण डोक्यात किडा वळवळतोय. हे लोक फुकट कशाला देऊलालेत ओ? माझा मुलगा पुण्यात प्रोग्रॅमर आहे. असं सगळं फुकट झालं तर त्याचा पगार कोण देणार? आणि मोठ्या कंपन्यांशी यांचं एवढं वाकडं का?
— टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : दादा, तुमच्याच धंद्यातलं सांगते. माझे वडील मागावर होते, त्यामुळं मला हे सोपं पडतं. तुम्ही टॉवेल विकता. त्यावरच्या नक्षीची जकार्डची पंच केलेली कार्डं विकत नाही. टॉवेल उलगडून बघितला म्हणून दुसऱ्याला तीच नक्षी लगेच मागावर चढवता येत नाही, त्याला कार्डं लागतात. प्रोग्रॅम म्हणजे टॉवेल, सोर्स कोड म्हणजे ती कार्डं. कंपनी टॉवेल देते. ओपन सोर्सवाले टॉवेलसोबत कार्डांची माळही देतात आणि वर म्हणतात, नक्षी बदला, दुसऱ्याला द्या, विकासुद्धा.

पूर्वी मोठ्या कंपन्याही तेच करायच्या. संगणकच एवढा महाग होता की सॉफ्टवेअर त्याच्यासोबत यायचं. आयबीएमनं १९६९ मध्ये सॉफ्टवेअरची किंमत वेगळी लावायचं जाहीर केलं आणि वारं फिरलं. फेब्रुवारी १९७६ मध्ये विशीतल्या बिल गेट्सनी छंद म्हणून संगणक जुळवणाऱ्यांना एक खुलं पत्र लिहिलं. अल्टेअर नावाच्या छोट्या संगणकासाठी त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली होती. लोक तिच्या टेपची नक्कल करून एकमेकांना वाटत होते. गेट्सचं म्हणणं, तुम्ही चोरी करता, मग चांगलं सॉफ्टवेअर कोण लिहील? तुमच्या मनातला प्रश्न हाच, तुमच्या मुलाच्या पगाराचा. तेव्हा तो चुकीचा नव्हता आणि आजही नाही.

दुसरी बाजू अमेरिकेतल्याच एमआयटी या विद्यापीठातून आली. रिचर्ड स्टॉलमन तिथल्या प्रयोगशाळेत होते. नवा लेझर प्रिंटर आला, त्यात कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरचा कोड त्यांनी सुधारला होता, कागद अडकला की माणसाच्या संगणकावर निरोप जायचा. नव्याचा कोड मागितला तर ज्याच्याकडं होता तो म्हणाला, देणार नाही, मी गुप्ततेचा करार केलाय. स्टॉलमननी १९८३ मध्ये जीएनयू, म्हणजे मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम (संगणक चालवणारा मूळ प्रोग्रॅम) बनवायचा प्रकल्प, जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आणला. त्यातली मेख अशी : कोड घ्या, बदला, पण बदललेला माल दुसऱ्याला दिलात तर त्याचा कोडही द्यायचा, त्याच अटींवर. हे सगळं कॉपीराइटच्याच कायद्यावर उभं आहे. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो जीपीएलखाली आणला.

कंपन्या चिडल्या त्या याच अटीवर. आपला माल त्यात मिसळला तर आपलीही कार्डं दाखवावी लागतील, ही भीती. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला थेट कॅन्सर म्हटलं. २००३ मध्ये एससीओ नावाच्या कंपनीनं, लिनक्समध्ये आमचा युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कोड घुसवला म्हणून आयबीएमवर १ अब्ज डॉलरचा दावा ठोकला. चार वर्षांनी कोर्टानं सांगितलं, ज्या युनिक्सच्या मालकीवर तुम्ही उडताय ते कॉपीराइट नोवेल या दुसऱ्याच कंपनीचे आहेत. एससीओचं दिवाळं निघालं. तरी आयबीएमबरोबरचं प्रकरण मिटायला २०२१ उजाडलं. आपल्याकडच्या वाटणीच्या दाव्यांना उगीच नावं ठेवतो आपण.

पुढं २०१६ मध्ये तीच मायक्रोसॉफ्ट लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली, आणि २०१८ मध्ये जगभरचा ओपन सोर्स कोड जिथं ठेवला जातो ते गिटहब तिनं ७.५ अब्ज डॉलरला विकत घेतलं. हृदयपरिवर्तन वगैरे मी मानत नाही. सर्व्हर भाड्यानं देण्याचा धंदा मोठा झाला आणि भाडेकरूंना लिनक्सच हवं होतं.

मुलाच्या पगाराची काळजी सोडा. आज लिनक्सच्या गाभ्यात भर घालणारे बहुसंख्य लोक इंटेल, गूगल, रेड हॅट असल्या कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. रेड हॅट तर लिनक्सचा सपोर्ट विकूनच एवढी मोठी झाली की २०१९ मध्ये आयबीएमनं तिला ३४ अब्ज डॉलर मोजले. एकदा मुलालाच विचारा, त्याच्या कामात ओपन सोर्स किती आहे. तो हसेल.

प्रश्न : मी बुधवार पेठेत छोटा प्रेस चालवतो. लग्नपत्रिका, गड्ड्याच्या यात्रेच्या जाहिराती, पतसंस्थांचे अहवाल असं जुनं काम पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये साठवलेलं आहे. जुना संगणक बंद पडला. नव्यावर फाइल उघडत नाही. दुसऱ्याच्या संगणकावर उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. फॉन्टच्या सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला तर म्हणाले, जुनं डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) आता चालणार नाही, नवी आवृत्ती घ्या. पंचवीस वर्षांचा मजकूर गेला समजायचं का?
— मुद्रक, बुधवार पेठ

उत्तर : गेला नाही. हार्ड डिस्क त्या बंद संगणकातून काढून जपून ठेवा, आणि तिच्यातल्या 'फॉन्ट्स' फोल्डरसह सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता.

खिचडी का दिसते ते सांगते, म्हणजे पुढची फसवणूक टळेल. जुन्या फॉन्टमध्ये 'क'ला संगणकात 'क' म्हणून जागाच नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत : एका खणात अर्धा 'क्', एकात काना, एकात रफार. कुठल्या खणात काय, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. त्यांचा फॉन्ट असला की मराठी, नसला की खिचडी. तुमचा मजकूर त्या कंपनीच्या खणांच्या हिशेबात लिहिलेला आहे, आणि तो तक्ता बाहेर मिळत नाही.

पण एक बोलायलाच हवं. नव्वदीत मराठी फॉन्ट बनवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी मोठं काम केलं. खिळे जुळवणाऱ्या प्रेसला संगणकावर आणलं त्यांनी. 'ष्ट्र', 'ऱ्ह', 'द्ध्य' नीट पडावेत म्हणून राबणारे तिथले कारागीर होते. त्या काळात परदेशी कंपन्यांना मराठीचं पडलेलं नव्हतं आणि ओपन सोर्सवाल्यांनाही नाही. डोंगल लावलं म्हणून मी त्यांना चोर म्हणणार नाही. एक प्रत विकली की दहा प्रेसमध्ये जायची हे तुम्हीही जाणता. खणांचा तक्ता दाबून ठेवला, तिथं मात्र माझं त्यांच्याशी पटत नाही.

आता वाट. एक, पेजमेकर. ॲडोबीनं त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मध्ये काढली आणि विषय सोडून दिला. फाइलीची रचना आतून कशी असते हे बाहेरच्या स्वयंसेवकांनी उलगडून बघितलं, आणि २०१५ च्या लिब्रेऑफिस ४.४ पासून पेजमेकरच्या फाइली त्यातल्या 'ड्रॉ'मध्ये उघडू लागल्या. मांडणी तंतोतंत येणार नाही, पण मजकूर आणि चौकटी हाती लागतात. ज्यांनी पैसे घेतले त्यांनी दार बंद केलं आणि ज्यांना तुम्ही एक पैसा दिला नाही त्यांनी ते उघडलं, हे मला फार गमतीचं वाटतं. कोरलड्रॉच्याही बऱ्याच जुन्या फाइली लिब्रेऑफिस उघडतं.

दोन, खिचडीचं मराठी. तुमच्या फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर शोधा. प्रचलित जुन्या फॉन्टांचे कन्व्हर्टर लोकांनी तक्ते उलगडून तयार केलेत. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, आला की तो कुठल्याही संगणकावर मराठीच राहतो. कन्व्हर्टरनंतर प्रूफ वाचल्याशिवाय छापू नका. ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढंमागं सरकते, रफार भलत्याच डोक्यावर बसतो. लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.' बिघडलं तर वधूपक्ष तुम्हालाच धरणार.

तीन, पुढचं काम. युनिकोडचे चांगले खुले फॉन्ट आता मिळतात. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू छापण्यासाठी, विकायच्या कामासाठीही मोकळे आहेत. लोहित रेड हॅटनं दिलेला. जोडाक्षरं जुळवणारा हार्फबझ नावाचा खुला प्रोग्रॅम क्रोममध्ये आहे, लिब्रेऑफिसमध्ये आहे, आणि ॲडोबीनंही आपल्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये तोच घेतलाय.

ओपन सोर्सचं सगळंच गोड नाही. पेजमेकरला पर्याय म्हणून स्क्रायबसचं नाव घेतात, पण त्यात कित्येक वर्षं मराठी जोडाक्षरं तुटायची. तक्रार केली की उत्तर यायचं, कोड उघडा आहे, तुम्हीच दुरुस्त करा. कटिंग मशीनवर हात असलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे उद्धटपणा आहे. आता नव्या आवृत्तीत सुधारलंय. चित्रं काढायच्या इंकस्केपमध्ये मराठी चांगलं येतं, पण त्याचं काम आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत चालतं. चार रंगांच्या ऑफसेटला जाताना आधी नमुना काढून बघा. कोरलड्रॉ चालू असेल तर राहू द्या. फक्त मजकूर युनिकोडमध्ये ठेवा.

प्रश्न : मॅम, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या हॉस्टेलमध्ये यावर रोज भांडण होतं. इलॅस्टिक, हॅशिकॉर्प, रेडिस या कंपन्यांनी ओपन सोर्स म्हणून नाव कमावलं आणि मग लायसन्स बदललं. एक गट म्हणतो ही गद्दारी. दुसरा म्हणतो ॲमेझॉनसारख्या कंपन्या फुकटचा कोड घेऊन करोडो कमावतात, मग बिचाऱ्यांनी काय करायचं? तुम्ही कुणाच्या बाजूनं?
— विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : बाळ, दोन्ही गटांना आधी चहा पाज, मग तारखा लिहून घे, कारण तारखांशिवाय हे भांडण नुसतं भावनेचं होतं.

इलॅस्टिकसर्च म्हणजे माहितीच्या ढिगात शोध घेणारं इलॅस्टिकचं सॉफ्टवेअर, त्याची पहिली आवृत्ती २०१० ची. २०१५ मध्ये ॲमेझॉननं तेच सॉफ्टवेअर जवळपास त्याच नावानं भाड्यानं द्यायला सुरुवात केली. परवान्यात ते बसत होतं. नावावरून कोर्टकचेरी झाली. जानेवारी २०२१ मध्ये इलॅस्टिकनं परवाना बदलला. नव्या अटींत एक अशी की हे सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकायचं तर ती चालवायला लागणारा तुमचा सगळा कोडही उघडा करा, नाहीतर विकू नका. ॲमेझॉननं काय केलं? जुन्या परवान्यातली शेवटची आवृत्ती घेतली आणि ओपनसर्च नावाचा फोर्क काढला, म्हणजे त्याच कोडवर वेगळी चूल मांडली. ऑगस्ट २०२४ मध्ये इलॅस्टिकनं पुन्हा एक खरा ओपन सोर्स परवाना जोडला, तोवर ओपनसर्चनं आपलं बस्तान बसवलं होतं.

हॅशिकॉर्पनं ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभे करायच्या टूलचा परवाना बदलला; पुढच्याच महिन्यात फोर्क लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली, नाव ओपनटोफू. माहिती पटकन हाताशी देणाऱ्या रेडिसनं मार्च २०२४ मध्ये बदलला. त्याच महिन्यात त्याचा फोर्क वाल्की उभा राहिला, ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल पाठीशी. मे २०२५ मध्ये रेडिसही एजीपीएल (जीपीएलचाच कडक भाऊ) परवाना घेऊन माघारी आली. जुनं उदाहरण हवं तर २०१० चं. सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर ओपनऑफिसवर काम करणारे लोक उठून बाहेर पडले आणि लिब्रेऑफिस झालं. आज ओपनऑफिस कोण उघडतं?

माझं मत विचारलंस म्हणून सांगते. इलॅस्टिकचा राग मला कळतो. रात्री जागून एकानं लिहायचं आणि सर्व्हरची शेतं असलेल्यानं त्याचं भाडं खायचं, हे डोळ्यांत खुपतं. पण मुक्त परवाना दिला तेव्हा कुणी बंदूक लावली नव्हती. त्या परवान्यामुळंच जगभरच्या पोरांनी भरवशानं ते वापरलं, चुका शोधून दिल्या, मित्रांना सांगितलं. जाहिरातीचा तो खर्च वाचवून झाल्यावर दार लावून घेणं मला पटत नाही. 'बिचाऱ्या' हा शब्द तर काढूनच टाका, गुंतवणूकदारांचे पैसे घेतलेल्या कंपन्या आहेत या. आणि गंमत बघ, परवाना बदलून ॲमेझॉनला फारसं लागलं नाही, तिच्याकडं फोर्क चालवायला माणसं आहेत. लागलं ते मधल्या लहान कंपन्यांना, ज्यांना रातोरात वकील शोधावा लागला.

रेड हॅटचं प्रकरण जास्त नाजूक. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी सेंटॉस ८, म्हणजे आपल्या लिनक्सची मोफत जुळी आवृत्ती, मुदतीआधी, २०२१ अखेर बंद करणार असं जाहीर केलं, आणि जून २०२३ पासून आपल्या मुख्य लिनक्सचा कोड जाहीर ठेवण्याऐवजी गिऱ्हाइकांपुरता केला. जीपीएलच्या शब्दात ते बसतं असं त्यांचं म्हणणं. ज्याला माल दिला त्यालाच कोड द्यायचा आहे. सेंटॉसची जागा घेणारे अल्मा आणि रॉकी लिनक्सवाले तेव्हापासून वेगवेगळ्या वाटांनी चाललेत. इथं मला कंपनी नियमात बरोबर आणि वागण्यात कद्रू वाटते.

भांडण करायचंच तर ज्यांना कुणीच पैसे देत नाही त्यांच्यावरून करा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, फाइल दाबून लहान करणाऱ्या साध्या टूलमध्ये चोरदार सापडलं. वर्षानुवर्षं ते एकच माणूस, पगाराविना, थकून-भागून सांभाळत होता. मदतीच्या नावाखाली कुणीतरी शिरलं, दोन वर्षं विश्वास कमावला आणि मग दार ठेवलं. सापडलं ते आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला, लॉगिन अर्धा सेकंद उशिरा का होतंय म्हणून खोदत गेला तेव्हा. तो नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये! कंपनी वाईट, समाज चांगला, अशी वाटणी करणाऱ्यांनी हे कुठल्या खणात टाकायचं? आपल्याकडं झीरोधानं २०२४ पासून अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी ठेवलाय. तुमच्या नोकऱ्या देणाऱ्या बाकीच्या कंपन्यांना कॅम्पसमध्ये विचारा, तुम्ही किती ठेवला. पॅकेजचं विचारून झाल्यावर विचारा हवं तर.

आणि तू स्वतः कुठल्या प्रकल्पाला कोड देणार असशील तर आधी एक कागद वाच : तुझ्या कोडचा परवाना पुढं बदलायचा हक्क कंपनी लिहून घेते का? घेत असेल तर ती उद्या काय करू शकते हे आजच लिहून दिलंय. लिनक्सच्या गाभ्यात ज्याचा कोड त्याचाच कॉपीराइट राहतो, हजारो मालक. म्हणून त्याचा परवाना कुणा एकाला बदलता येत नाही.

प्रश्न : अँड्रॉइड ओपन सोर्स आहे म्हणतात. मग फोनसोबत आलेली ॲप मला काढता का येत नाहीत?
— वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : कोड उघडा आहे, पण प्ले स्टोअर आणि गूगलची ॲप त्यात येत नाहीत, ती फोन बनवणाऱ्याला गूगलच्या करारातून मिळतात, आणि अटी त्या करारात असतात. अँड्रॉइडचे वेगळे अवतार काढण्यावरही त्यात बंधनं होती. याचसाठी आपल्या स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, मात्र काही आदेश रद्द केले. सध्या 'डिसेबल' करा, निदान बॅटरी वाचेल.

प्रश्न : विंडोज, कोरल, सगळं क्रॅक करून मिळतं. मग लिनक्सची डोकेदुखी कशाला? कंपनी तशीही श्रीमंत आहे.
— 'एक व्यवहारी', सात रस्ता

उत्तर : कंपनीची काळजी करू नका, तिला तुमचा क्रॅक फारसा बोचत नाही. १९९८ मध्ये बिल गेट्स चीनबद्दल बोलताना विद्यार्थ्यांपुढं म्हणाले होते की लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं. सवय लागली की वसुलीचं पुढं बघू. तुमचा क्रॅक त्या सवयीचा हप्ता आहे. सोबत काय येतं ते मात्र मी रोज बघते : बिलांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्रॅम बहुधा क्रॅकच्याच फाइलीतून घुसतात. तेव्हा 'व्यवहारी' माणसं रात्री अकराला फोन करतात.

प्रश्न : आमच्या शाळेच्या लॅबमध्ये देणगीतून मिळालेले जुने संगणक आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. दुकानदार म्हणतो, ११ यावर चालणार नाही, भंगारात काढा. लिनक्स टाकू का? शिक्षक म्हणतात, मुलांना पुढं नोकरीत विंडोजच लागेल.
— मुख्याध्यापक, विडी घरकुल

उत्तर : सर, दुकानदार अर्धं खरं सांगतोय. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती जुन्या मशिनात नसते. पण मशीन भंगार झालेलं नाही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर बरी चालते. जुनी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी घातलीत तर मुलांना नवाच संगणक आलाय असं वाटेल. आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा, आतलं काही न पुसता.

शिक्षकांना सांगा, केरळातल्या सरकारी शाळा कितीतरी वर्षांपासून लिनक्सवरच शिकवतात आणि तिथली पोरं बेंगळुरूत नोकऱ्या करतात. केंद्र सरकारनंही २०१५ च्या धोरणात आपल्या कामांसाठी ओपन सोर्सला पहिली पसंती द्यायला सांगितलंय. पाचवीच्या मुलाला स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंगच्या टूलमध्ये मांजर नाचवता आलं, इनस्क्रिप्ट कळपट्टीनं मराठी टाइप करता आलं, की खालची पट्टी विंडोजची होती का कशाची, त्याला फरक पडत नाही. आमच्या क्लासमध्ये घरी तेलुगू, बाहेर कन्नड आणि वहीत मराठी बोलणारी मुलं येतात. इनस्क्रिप्टची कळपट्टी एकदा बोटांत बसली की त्यांना तिन्ही लिपी त्याच जागांवर सापडतात. ही आपल्या सरकारनं ठरवलेली मांडणी, कुणा कंपनीची नाही.

ऑफिसचं एक मशीन मात्र विंडोजवर ठेवा, सपोर्ट चालू असलेल्या. डिजिटल सहीचं टोकन आणि एखादा हट्टी प्रिंटर लिनक्सवर त्रास देतो, आणि नेमका पगारबिलाच्या दिवशी देतो. लॅबच्या मशिनांचं रॅम किती, मदरबोर्ड कुठला आणि प्रिंटरचं मॉडेल काय, एवढं एका कागदावर लिहून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. कुठली आवृत्ती टाकायची ते कळवते.